आईचं माहेरचं नाव

तुळशीबाईचं जगात कुणाशी वाकडं नव्हतं, एक फोनमधली कंपनी सोडली तर. बाई मोठी समाधानी. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात जिथे तिच्या सासऱ्याचं भाताचं खाचर होतं, तिथे आता सात मजली इमारत आहे आणि तिच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसून ती सकाळचा चहा पिते. शेत गेलं म्हणून कुणी उसासे टाकायला लागलं की ती सरळ विचारते, "चिखलात कंबर माजी मोडली का तुजी? आता लिफ्ट हाय, गुमान वर जा." नवरा अनंता गरीब स्वभावाचा, मुलगा धर्मेश कामाला लागलेला, सून जिज्ञासा पतपेढीत नोकरीला आणि सासूची चेष्टा करण्याइतपत तिच्यावर माया करणारी. अजून काय पाहिजे माणसाला?

तुळशीबाई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी असतो, डीजे असतो, आता तर ड्रोनसुद्धा असतो. पण हळदीला आणि मांडवात धवले गाणारी बाई नसेल, तर म्हाताऱ्या बायका नवरीला हात लावायला तयार होत नाहीत. धवले म्हणजे लग्नाची गाणी. कुठल्या पुस्तकात नाहीत, एकीच्या तोंडून दुसरीच्या कानात जातात. तुळशीबाईच्या कानात ती तिच्या आईकडून आली. आई इंदुबाई. अंबरनाथपासून वांगणीपर्यंत तिच्याशिवाय मांडव पडत नसे. आवाज असा की माइक लावला तर माइकच लाजावा.

इंदुबाई थकली तेव्हा लेकीला एक शहाणपण सुचलं. नवा फोन समोर ठेवायचा, आईला गायला लावायचं आणि रेकॉर्ड करायचं. आईची एकच अट होती. मांडव नसताना धवला म्हणायचा नाही, हा तिचा नियम. मग तुळशीबाईने काय करावं? गॅलरीत चार काठ्या उभ्या केल्या, त्यांवर आंब्याचे टाळे टाकले आणि म्हणाली, "घे तुजा मांडव." अशी एकेचाळीस गाणी झाली. ती सगळी फोनने आपणहून वर कुठेतरी, त्या कंपनीच्या पेटीत नेऊन ठेवली. तीन वर्षांपूर्वी इंदुबाई गेली. गाणी पेटीत राहिली.

बहुतेक धवले तुळशीबाईला तोंडपाठ होते. एक सोडून. नावाचा धवला. पूर्वी लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायचे, त्या वेळी हा म्हणायचे. जुन्या नावाला निरोप द्यायचं गाणं ते. हल्ली पोरी नावं बदलत नाहीत, त्यामुळे कुणी मागत नाही, आणि न गायलेलं गाणं विसरायला किती वेळ लागतो? तुळशीबाईला त्याच्या दोन ओळी येत होत्या. पुढचं सगळं पेटीत.

आणि नेमका तोच धवला तेजलने मागितला. तेजल म्हणजे तुळशीबाईच्या भावाची मुलगी, इंदुबाईची लाडकी नात. येत्या रविवारी लग्न. "नाव मी माझंच ठेवणार आहे आत्या," ती म्हणाली, "पण आजीने मला कबूल केलं होतं, तुझ्या लग्नात नावाचा धवला म्हणेन. ती नाही, तर तू म्हण. तो झाल्याशिवाय मी पाटावर बसणार नाही." पोरीचे डोळे भरले होते. तुळशीबाईने छातीवर हात मारून शब्द दिला.

शब्द दिला तो सोमवारी. बुधवारी कात्रपच्या एका हळदीत ती पातेल्यावर वाकली आणि ब्लाऊजमध्ये खोचलेला फोन डुबुक करून हळदीच्या पाण्यात गेला. बायका हसून हसून लोळल्या. "फोनला हळद लागली गो बाय, आता याचं पन लगीन लाव!" तुळशीबाईसुद्धा हसली. तिला वाटलं, गेला तर गेला, गाणी वर आहेत ना. धर्मेशने दुसऱ्याच दिवशी नवा फोन आणला.

नव्या फोनने पहिलाच प्रश्न केला, पासवर्ड काय?

"मना काय ठाव," तुळशीबाई म्हणाली. "जुन्याला ठाव व्हता."

जिज्ञासा म्हणाली, काही हरकत नाही आई, पासवर्ड विसरला असं दाबायचं, मग आपल्या नंबरवर ओटीपी येतो. आला. पण तो गेला जुन्या नंबरवर. जुना नंबर तुळशीबाईने तीन वर्षांपूर्वीच टाकून दिला होता, कारण त्यावर दिवसाला बारा फोन यायचे, मॅडम कर्ज पाहिजे का, मॅडम प्लॉट पाहिजे का. एकदा तर आईच्या दहाव्याला आला होता. त्या दिवशी तिने त्या माणसाच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि नंबर बदलला. आता तो नंबर भलत्याच कुणाचा झाला होता. जिज्ञासाने लावून दिला. भिवंडीकडचा राजू नावाचा रिक्षावाला निघाला.

"बाबा राजू," तुळशीबाई गोड आवाजात म्हणाली, "तुज्या फोनवर आता सहा आकडे आयले असतील. तेवढे मना सांग."

राजू म्हणाला, "मावशी, ओटीपी मागतेस? आवाज तर चांगल्या घरातला वाटतो तुझा. शरम कर जरा."

"अरे तो नंबर माजाच व्हता!"

"सगळे असंच बोलतात," राजू म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. पुन्हा लावला तर लागेना. जिज्ञासाला हसू आवरेना. तुळशीबाई मात्र गंभीरपणे म्हणाली, "पोरगा शाना हाय. त्याच्या आयशीनं चांगलं शिकवलंय."

मग कंपनीच्या मदतकेंद्राला फोन केला. तिथे एक बाई अतिशय नम्रपणे बोलत होती, आणि तुळशीबाईने तिला सगळी हकीकत सांगितली, आई, हळद, पातेलं, राजू. बाई म्हणाली, "क्षमस्व, मला समजलं नाही. पुन्हा सांगा." तुळशीबाईने पुन्हा सांगितलं. तिसऱ्या वेळी जिज्ञासाने फोन काढून घेतला. "आई, ते मशीन आहे हो."

"मशीन? आणि मी तिला जेवलीस का विचारत व्हती!"

आता मात्र तिचं डोकं सणकलं. "काय गो ही कंपनी? काल आपन तेजलच्या शालूचं बोललो, तर याच्यात शालूच शालू दिसाला लागले. माजे गुडघे दुखतात ते हिला ठाव. मी कंच्या देवळात गेली ते ठाव. सगळं ठाव, आणि मी मी हाय येवढंच तेवढं ठाव नाय!" अनंताने मान डोलावली. याहून जास्त मत तो सहसा देत नाही.

शेवटचा एक रस्ता राहिला. खातं उघडताना कधीतरी एक गुपित प्रश्न ठेवला होता. त्याचं उत्तर द्यायचं, तीनच वेळा. जिज्ञासाने वाचलं, "तुमच्या आईचं माहेरचं नाव काय?"

"हात्तिच्या!" तुळशीबाई म्हणाली.

जिज्ञासा म्हणाली, याचा अर्थ माहेरचं आडनाव, सगळीकडे तसंच असतं. तिने 'केणे' टाकलं. चूक. मग इंदुबाई टाकलं. चूक. आणि लाल अक्षरांत सूचना आली की आता एकच प्रयत्न बाकी, तोही चुकला तर हे खातं कायमचं बंद होईल आणि आतलं काहीही परत मिळणार नाही. दोघींचे हात थांबले. जिज्ञासाने फोन टेबलावर असा ठेवला, जणू तो जास्त हलला तरी बंद होईल.

तुळशीबाई म्हणाली, "माहेरचं नाव म्हंजे माहेरचं नाव गो. आडनाव नव्हं. लग्नाआधीचं. मी नाय का, सगुनाची तुलशी झाली."

जिज्ञासा बघतच राहिली. आठ वर्षं ती या घरात होती, सासूचं पथ्यपाणी, आवडीनिवडी, रुसवे सगळं तिला ठाऊक. पण सासू कधीकाळी सगुणा होती हे ती आज पहिल्यांदा ऐकत होती. "मग आजींचं काय होतं, लग्नाआधी?"

तुळशीबाई सांगायला गेली आणि तिच्या ध्यानात आलं. तिला माहीत नव्हतं. जन्म दिलेल्या आईचं नाव. इंदुबाई हे तर सासरकडून मिळालेलं. त्याआधी सोळा वर्षं तिला कुणीतरी काहीतरी हाक मारतच असेल ना? तिला एकदम रडू आलं. "शी! कसली मी लेक," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसत बसली.

शनिवारी सकाळी जिज्ञासाने रजा टाकली आणि सासूला स्कूटरवर मागे बसवून अंबरनाथ गाठलं. तिथे इंदुबाईचा धाकटा भाऊ राहतो, महिपती मामा. चौतीस वर्षं ऑर्डनन्स फॅक्टरीत काढलेला माणूस. आत काय काम करत होता ते त्याने बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. वयाच्या ऐंशीव्या वर्षीही दार उघडण्याआधी तीन प्रश्न विचारतो.

"तुजं नाव कोन मागतंय?" मामाने डोळे बारीक केले.

"माजं नाय मामा, आईचं. कंपनी मागतेय."

"कंची कंपनी? गेटवर मानूस कोन हाय तिचा?"

"गेटच नाय. मानूसच नाय."

"मग कसली आलीय शिक्युरिटी?" मामा उखडला. "आमच्या गेटवरचा जमादार आमची थोबाडं वलखायचा. चौतीस वरसांत आयशीचं नाव कदी इचारलं नाय त्यानं!"

तुळशीबाईने गयावया केली तेव्हा म्हातारा नरमला. पण त्यालाही नाव ठाऊक नव्हतं. "मी पाच वरसांचा व्हतो तिच्या लग्नात. आमी तिला बाय म्हनायचाव. मोठ्या भनीचं नाव कोन घेतंय? आणि लगीन झाल्यावर जुनं नाव कुनी काढलं तर आमची आई पाटीत धपाटा घालायची." त्याने काठी मांडीवर आडवी घेतली. "धवलारनीनं गायलं व्हतं तेवढं आठवतं. नावाच्या धवल्यात. मंग कुनाच्या तोंडी नाय आलं ते."

म्हणजे नाव गाण्यात, गाणं पेटीत, आणि पेटी उघडायला नाव पाहिजे. तुळशीबाईने कपाळाला हात लावला. निघताना मामा मागून ओरडला, "ज्यानं लिवून घेतलं त्याला जाऊन इचार! एन्ट्री करनारा मानूस इसरत नाय!"

लिहून घेतलं होतं भूपेशने. उल्हासनगर कॅम्प एकमध्ये त्याचं मोबाईलचं दुकान. हा सिंधी पोरगा अर्ध्या बदलापूरचे फोन चालू करून देतो, कारण तो फोन स्वस्त देतो आणि सोबत मेलचं खातंही फुकटात उघडून देतो. माणसं मोबाईलला हात लावायला घाबरतात, भूपेश विचारतो आणि स्वतः टाइप करतो, अशी त्याची पद्धत.

"अरे आंटी!" त्याने स्टूल पुढे केलं. "उत्तर पाहिजे? डायरी होती ना माझ्याकडे. सगळ्यांचे मेल, पासवर्ड, सवाल-जवाब, सब कुछ."

"सगळ्यांचे पासवर्ड? डायरीत?" जिज्ञासा किंचाळलीच.

"दर दिवाळीला पूजा झाली की जुनी डायरी फाडून टाकतो मॅडम," भूपेश जरा दुखावून म्हणाला. "प्रायव्हसी है ना."

तुळशीबाई मटकन स्टुलावर बसली. पाच दिवाळ्या होऊन गेल्या होत्या. उद्या लग्न. तेजलसमोर काय तोंड घेऊन उभं राहायचं? भूपेशने पाण्याचा ग्लास आणला, आणि तिच्याकडे बघता बघता त्याला एकदम हसू आलं.

"पर आंटी, आपने नाम बोला कहाँ था? आपने तो गाया था."

"काय?"

"हां तो! मी विचारलं, माँ का मायके का नाम. तुम्ही बोलल्या, थांब रे. डोळे मिटले आणि गायला लागल्या. बाहेर पब्लिक उभी राहिली. मेरे पिताजी ने कॅल्क्युलेटर बंद कर दिया. गाण्यात नाव आलं, तिथे थांबून तुम्ही बोलल्या, लिव. म्हणून तर लक्षात राहिलात ना, गानेवाली आंटी!"

तुळशीबाईचे कान लाल झाले. आठवलं. मांडव नसताना, भर बाजारात, मोबाईलच्या दुकानात धवला म्हटला होता. आईला कळलं तर ती जीवच घेईल म्हणून घरी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि लपवता लपवता स्वतःही विसरून गेली होती. आईचा नियम तिने एकदाच मोडला होता, आणि तो इथे.

"म्हणा ना आई," जिज्ञासा हळूच म्हणाली.

"मांडव नाय गो."

भूपेशला सगळं कळलं असेल असं नाही. पण त्याने छताला टांगलेल्या मोबाईलच्या कव्हरांच्या चार माळा ओढून तिच्या डोक्यावर आणल्या आणि म्हणाला, "हो गया मांडव. चलेगा?"

तुळशीबाई हसली. मग तिने डोळे मिटले. जातं फिरवल्यासारखा उजवा हात गोल फिरायला लागला, आई गाताना फिरवायची तसाच. पहिली ओळ आली. मांडवात गाताना तिच्या तोंडी त्या दिवसाच्या नवरीचं नाव यायचं. इथे नवरी नव्हती, कुणाचंच नाव ठेवलेलं नव्हतं, आणि त्या रिकाम्या जागी लहानपणी आईच्या तोंडून ऐकलेलं नाव आपोआप येऊन बसलं.

"नाव उंबऱ्याशी ठेव गो, पोवले, नाव उंबऱ्याशी ठेव..."

ती थांबली. डोळे उघडले. "पोवली," ती म्हणाली. "माज्या आईचं नाव पोवली व्हतं." आणि दुकानात, चार गिऱ्हाइकांच्या देखत, ती हमसून हमसून रडली. त्यात दुःख थोडंच होतं, बरंचसं सुटल्याचं रडू होतं.

जिज्ञासाने घाईघाईने फोन काढला. पोवळी. ळ इंग्रजीत कसा लिहायचा? वी लावायचा की डब्ल्यू? मध्ये ए घालायचा की नाही? एकच प्रयत्न होता. तिने बोट ठेवलं तोच तुळशीबाईने तिचं मनगट धरलं.

"तू शिकलेली हायस, तू शुद्ध लिवशील. ज्यानं तवा लिवलं त्यालाच लिवू दे."

भूपेशने पँटला हात पुसले. जराही विचार न करता, पाच वर्षांपूर्वी जसं लिहिलं असेल तसंच त्याने खटाखट लिहिलं. डब्ल्यू घातला, मधला ए गाळला, जिज्ञासाने कधीच लिहिलं नसतं असं. बटण दाबलं. फोनवर एक गोल फिरत राहिला. बाहेरचा वडापाववालासुद्धा आत डोकावून बघत होता.

पेटी उघडली. एकेचाळीसच्या एकेचाळीस गाणी. तुळशीबाईने भूपेशच्या गालांवरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली आणि उद्याच्या लग्नाचं तोंडी आमंत्रण देऊन टाकलं.

त्या संध्याकाळी गॅलरीत बसून तिने नावाचा धवला अकरा वेळा ऐकला. गाणं संपल्यावर रेकॉर्डिंगमध्ये आईचा खोकला होता, आणि मग ती म्हणत होती, "बंद कर आता. माज्या नावाला कोन इचारतंय?" बाराव्या वेळी तुळशीबाई उत्तरली, "कंपनी इचारत व्हती गो आई. मना सुचलं नाय ते तिला सुचलं."

रविवारी मांडव खच्चून भरला होता. तेजल पाटाशी येऊन उभी राहिली. तुळशीबाईने माइक हातात घेतला आणि आईच्या चालीवर धवला धरला. पण जिथे नवरीने नाव उंबऱ्याशी ठेवायचं, तिथे तिने ओळ फिरवली. तेजलला सांगितलं, नाव संगती घे. आणि मग आवाज चढवून गायली, उंबऱ्याशी ठेवलंस ते उचल गो, पोवले, नाव आपलं घरात घे. धवल्याची ओळ बाकीच्या बायकांनी परत म्हणायची असते. त्यांनी म्हटली. शंभर बायकांच्या तोंडून पोवळीचं नाव मांडवभर झालं. तेजल आजीच्या नावाने रडत होती आणि हसतही होती. पुढच्या रांगेत महिपती मामा काठी आपटत म्हणाला, "पोवलीच! बरोबर, पोवलीच!" उभ्या जन्मात त्याने मोठ्या बहिणीचं नाव पहिल्यांदा घेतलं होतं. वरून ड्रोन सगळं टिपत होता.

गाणं संपलं तशी तेजल पाटावर बसली, आणि जिज्ञासा धावत आली आणि सासूच्या कानाशी लागली. "आई, अहो काय केलंत! माइकवर सांगितलंत! ते गुपित उत्तर होतं ना, आता सगळ्या गावाला कळलं!"

तुळशीबाईने घाम पुसला. माइक चालूच आहे हे तिच्या लक्षात नव्हतं, की होतं, देव जाणे.

"पाऊनशे वरसं गुपितच व्हतं गो," ती म्हणाली. "पोटच्या पोरीला पन सापडलं नाय. आता होऊ दे गावभर."